मांडणे आणि आवरणे

'आवरणे' हे मराठीतले मोठे गमतीचे क्रियापद आहे. घर आवरतात, ओटा आवरतात, तसाच रागही आवरतात आणि रडूही आवरतात. दारात खोळंबलेला माणूस आतल्या माणसाला 'आवरलं का?' असे विचारतो आणि परक्याच्या घरी गेलेली आई मुलाला नुसत्या डोळ्यांनी आवरते. वस्तू जागच्या जागी ठेवणे आणि कुणाला तरी रोखून धरणे, हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदतात. याच्या समोरचे क्रियापद 'मांडणे'. पसारा मांडतात, भातुकली मांडतात, डाव मांडतात आणि संसारही मांडतात. मुले वाढत असलेल्या घरात ही दोन क्रियापदे दिवसभर एकमेकांशी भांडत असतात. या भांडणात कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मुलांच्या वाट्याला आईवडिलांचा किती वेळ यायचा, याचा निवाडा तिथेच होतो.

आम्ही दोघेही शिकवण्याच्या व्यवसायात. संध्याकाळी घरी पोचल्यापासून मुले झोपेपर्यंत हाती जेमतेम तीन तास उरतात. स्वयंपाक, जेवण आणि दुसऱ्या दिवसाची तयारी यांनी त्यांतले दोन घेतले की एक शिल्लक राहतो. तो घराला द्यायचा की मुलांना, एवढाच आमच्यापुरता प्रश्न होता. मोठी मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा आम्ही तो मुलांना द्यायचे ठरवले. त्यासाठी आधी स्वच्छता आणि देखणेपण यांची फारकत करावी लागली. पिण्याचे पाणी, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर यांबाबत तडजोड नाही. मात्र वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, दिवाणावरची चादर आणि हॉलमधल्या वस्तूंची शिस्त यांना रविवारपर्यंत थांबावे लागते. हॉलमधल्या काचेच्या शोकेसचे खालचे दोन कप्पे रिकामे करून आम्ही मुलांच्या हवाली केले. या शोकेसचा महिमा मराठी मध्यमवर्गाला निराळा सांगायला नको. ज्या वस्तू कधीच वापरायच्या नाहीत त्यांना घरातली सर्वांत दर्शनी जागा, आणि ज्यांचे हात तिथवर पोचतात त्यांना 'हात लावू नको' ही ताकीद! आता तिथे अर्धवट रंगवलेले कागद, चिंचोके, बाटल्यांची बुचे आणि मोडक्या छत्रीच्या काड्या असतात. सुटलेल्या तासात आम्ही मोठ्याने वाचतो, पत्ते खेळतो आणि पुष्कळदा नुसतेच बोलत बसतो.

इथवर 'आम्ही' हे सर्वनाम सुरळीत चालते. पुढे ते अडखळते. अवचित कुणी आले आणि कपड्यांचा ढीग सरकवून बसले, की त्यांची नजर खोलीभर फिरून आम्हां दोघांपैकी एकीवरच थांबते. 'नोकरी करून कुठे जमणार!' ही सहानुभूतीही तिच्याच वाट्याला येते. 'असू दे पसारा' हे वाक्य पुरुषाच्या तोंडी उदार वाटते, कारण त्या पसाऱ्याचा जाब त्याला कुणी विचारत नाही. सरकारने २०१९ साली देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसले होते, की घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७. २०२४ सालच्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ! म्हणजे दोहोंतले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले. घर परिपूर्ण नसले तरी चालेल असे ठरवल्याने काम थोडे कमी होईल. ते आपोआप वाटले मात्र जात नाही. म्हणून आमच्याकडे वेळेच्या आधी कामाची वाटणी करावी लागली. सकाळचे डबे, रात्रीची भांडी आणि रविवारच्या घड्या पुरुषाकडे आल्या, तेव्हाच 'आम्ही' या शब्दाला घरात काही अर्थ आला.

साहित्य शिकवणाऱ्या माणसांना अशा वेळी पुस्तके आठवणे साहजिक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याने वेठीस धरलेले एक घर येते. लक्ष्मीबाई ते सारे हसतखेळत सांगतात. परंतु त्या हसण्याआड आईची आणि मुलांची जी कुचंबणा आहे ती लपत नाही. आपण आता सोवळे पाळत नसू. पण न आलेल्या पाहुण्याच्या भयाने मुलांना सोफ्यावरून उठवतो, तेव्हा आपण करतो ते याहून कितीसे निराळे असते? याउलट 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आहे आणि त्याच्यासाठी धोंडीवर आपले लुगडे पसरणारी आई आहे. मुलाला न्हाऊ घालणे हे काम आणि त्याच्याशी बोलणे हा वेळ, असे दोन भाग त्या प्रसंगाचे पाडता येत नाहीत. त्या माउलीच्या कष्टांना आदर्श म्हणून आजच्या आईच्या गळ्यात घालणे अन्यायाचे होईल, हे खरेच. पण काम आणि सहवास यांची ती सरमिसळ मात्र आपल्या उपयोगाची आहे.

ती सरमिसळ आमच्या घरी आजींमुळे टिकली आहे. आमचा पसारा त्यांना मुळीच पटत नाही. एका मापाचे, एका ओळीतले, चकचकीत डबे ही त्यांच्या संसाराची मिरास होती. सुशिक्षित माणसे तिला सहज 'टापटिपीचा सोस' म्हणून मोकळी होतात. परंतु ज्या घरात पैशापासून लग्नकार्यापर्यंतचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, तिथे त्या फळीवर तरी त्यांचा शब्द अखेरचा होता, हे विसरता कामा नये. त्याच आजी संध्याकाळी मुलांना समोर बसवून मेथी निवडतात, शेंगा सोलतात. दाणे जमिनीवर सांडतात, देठ भाजीत जातात, एकट्याने दहा मिनिटांत होणारे काम पाऊण तास चालते. आणि त्या पाऊण तासात मुलांना नात्यागोत्यांतली जेवढी माणसे भेटतात तेवढी आम्ही ठरवून भेटवू शकलो नसतो.

आपल्या परंपरेने पसाऱ्याला एक मानाची जागा दिलेली आहे, तिचीही इथे आठवण होते. दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रातली घरे वर्षातली सर्वांत कडक झाडलोट करतात. माळे उतरवले जातात, डबे घासले जातात, पडदे धुतले जातात. आणि नेमके त्याच दिवसांत, त्याच घरांच्या दारात, मुले माती, विटा आणि गोणपाट आणून किल्ला करतात. त्यावर हळीव पेरतात, बुरुजांवर मावळे आणि माथ्यावर महाराज बसवतात. चिखलाचे पाय उंबरठ्यावर उमटतात, पण त्याला कुणी पसारा म्हणत नाही. अलीकडे काही सोसायट्यांना जिन्याजवळची माती खपत नाही आणि बाजारात रंगवलेला तयार किल्ला मिळतो. तो खोलीत ठेवला की फरशी स्वच्छ राहते. फक्त तो मांडावा लागत नाही, आणि त्याभोवती चार दिवस कुणाला एकमेकांशी भांडावेही लागत नाही. आमचा किल्ला आता बाल्कनीत होतो. कुंड्यांची माती पुरत नाही म्हणून दोन पोती रोपवाटिकेतून आणावी लागतात आणि कार्तिकी एकादशीपर्यंत घरात पायाला माती लागते.

या साऱ्यामुळे मुले अधिक सुखी किंवा अधिक गुणी होतील, असा आमचा दावा नाही. उद्या ती आमच्यापेक्षा शिस्तीची निघाली तरी नवल वाटायला नको. तशी चिन्हेही दिसू लागली आहेत. शोकेसचा वरचा कप्पा मोठीने हल्लीच रीतसर मागून घेतला. तिथे चिंचोके एका डबीत, बुचे दुसऱ्या डबीत, पुस्तके उंचीप्रमाणे, असा चोख कारभार आहे. आणि काचेवर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. मोठ्या माणसांनी हात लावू नये, असे तीत लिहिले आहे. आम्ही लावत नाही. ते आवरणे तिचे आहे, पाहुण्यांसाठी नाही.