राब भाजतो, रान नाही

वणव्यावर बोलायला आम्ही नाशिकचे काही स्वयंसेवक वनरक्षकांबरोबर त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यांवर जातो. 15 फेब्रुवारीपासून वनखात्याचा आगीचा हंगाम सुरू होतो आणि तोवर अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या उतारांवरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं.

'जंगल वाचवा' हे गावात कुणी मनावर घेत नाही, आणि का घ्यावं? ढोरांना चारा लागतो. म्हणून आम्ही बोलणं गवतापासूनच काढतो. रान जाळलं की गवत जोमानं येतं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहून झालेली आहे. 'अंधश्रद्धा' म्हणून ती झटकता येत नाही. एका पाड्याजवळ जळालेल्या उतारावर आम्ही कुदळीनं चार बोटं उकरलं. वर राख, खाली गवताची मुळं चांगली जिवंत. वणवा वरून धावत जातो, धग खोल उतरत नाही. म्हणजे फुटवा येतो मुळांतून. न जाळताही तो पावसात आलाच असता. राख मात्र पहिल्याच सरीत ओढ्याला लागते. आणि दरसाल जाळलेल्या माळावर ढोरांच्या तोंडाला टोचणाऱ्या कुसळी गवताचं फावतं. कुसळीचं नाव निघताच गुराखी एकमेकांकडे बघायला लागले.

मग वनरक्षकानं मोबाइल दाखवला. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे पाठवते. नकाशावरचा लाल ठिपका बघून एका आजींनी विचारलं, "यात माझा राब कुठला?"

प्रश्न बिनतोड होता. त्या उपग्रहाचा एक चौकोन 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 14 हेक्टरांचा. त्यात नागलीच्या रोपासाठी भाजलेला राब आणि सुटलेला वणवा सारखेच दिसतात.

"आम्ही राब भाजतो, रान नाही," आजी म्हणाल्या. मग रीत सांगितली: शेण, पालापाचोळा, गवत अंथरायचं, वर माती पसरायची म्हणजे भडका होत नाही, कडेचा पाला झाडून घ्यायचा, वारा पडला की पेटवायचं आणि विझेपर्यंत हलायचं नाही. जाळरेषेचं शास्त्र आम्ही त्यांना वेगळं काय शिकवणार होतो!

राब भाजायच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला फोन करायचा, एवढं ठरलं. म्हणजे ठिपका दिसला की धावायचं की नाही, हे त्याला कळेल.

उठता उठता एक पोरगा म्हणाला, "हरिहरवर शनिवार-रविवारी तुमच्या शहरातले येतात, सिगारेटी टाकतात. त्यांची सभा कधी घेता?"

पुढची सभा आम्ही नाशकातच ठेवली, ट्रेकर मंडळींसाठी.