पोच

सकाळी पेपर वाचता वाचता करवादायची सवय मला वडिलांकडून आली. ते भातखंड्यांच्या मॅरिस कॉलेजात गाणं शिकायला लखनौला आले. गाणं सुटलं, रेल्वेत कारकुनी मिळाली, आणि कमावलेला आवाज बातम्यांवर खर्च होऊ लागला. मी एका बँकेत लागलो आणि ती गादी पुढे चालवली. रेडिओवर आठच्या हिंदी बातम्या, हातात पेपर, तोंडात 'या देशाचं काही खरं नाही'. बायको म्हणायची, "अहो, त्यांना इथनं ऐकू जात नाही."

१९९४ मध्ये मी शाखेत पेन्शनच्या टेबलावर होतो. एरवी निवांत टेबल, पण नोव्हेंबरात मान वर करायला फुरसत नाही. प्रत्येक पेन्शनराने त्या महिन्यात हयातीचा दाखला भरून द्यायचा, आम्ही सही ताडून रजिस्टरात खूण करायची. खूण नाही त्याचं पेन्शन डिसेंबरपासून बंद. विधवांना आणखी एक कागद द्यावा लागे: पुनर्विवाह केलेला नाही. सत्तरी ओलांडलेल्या बायका तो आमच्यासमोर सही करून देत आणि आम्हीही गंभीर चेहऱ्याने घेत असू.

त्याच वर्षी ३० जूनला आझमगढच्या लालबिहारीला सरकारने पुन्हा जिवंत केलं होतं. १९७५ पासून महसुली दफ्तरात तो मेलेला. बँकेच्या कर्जासाठी ओळखीचा कागद आणायला गेला, तेव्हा त्याला स्वतःच्या मरणाची खबर लागली. जमिनीसाठी नातेवाइकांनीच चिरीमिरी देऊन नोंद करवली होती. या गृहस्थाने मग नावापुढे 'मृतक' लावलं, अशाच मेलेल्यांचा संघ काढला, बायकोसाठी विधवा पेन्शनचा अर्ज टाकला, इथल्या विधानसभेत पत्रकं भिरकावली, अमेठीत राजीव गांधींविरुद्ध निवडणूक लढवली. उत्तर प्रदेशात राहून करवादणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी मिळणं कठीण.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्याच्या संघाबद्दल पुन्हा काहीतरी छापून आलं. मी ते घरी मोठ्याने वाचलं. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून पेपर बँकेत घेऊन गेलो आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ऐकवू लागलो. जिवंत माणूस समोर उभा, आणि बाबूला तो दिसत नाही, वगैरे.

समोर आलमबागेतल्या अम्माजी उभ्या होत्या. रेल्वे कारखान्यातल्या मिस्त्रीची विधवा. त्यांनी दोन्ही कागद पुढे केले. मी बोलणं न थांबवता घेतले, सही ताडली. त्यांचा हात कापायचा, 'देवी'तली दुसरी वेलांटी वरच्या ओळीत घुसायची. तेवढं पाहिल्याचं आठवतं. कागद पेपरच्या घडीत ठेवले. रजिस्टर ओढणार तोच चहा आला. "बघू ती बातमी," सहकारी म्हणाला. पेपर त्याच्याकडे गेला, परत आला, संध्याकाळी माझ्या पिशवीतून घरी गेला.

जानेवारीत अम्माजी आल्या. पेन्शन जमा नव्हतं. मी रजिस्टर पाहिलं आणि फॉर्म दिलाच नाही म्हणून सांगितलं.

"दिया था भैया, आप ही को. आप उस दिन अख़बार पढ़ रहे थे."

इतक्या स्पष्ट खुणेनेही मला काही आठवलं नाही. कामाच्या वेळी पेपर वाचतो हा टोमणा तेवढा ऐकू आला. "रजिस्टर में नहीं है," मी म्हणालो. या वाक्याची जात मला तेव्हा ओळखू आली नाही. बाई समोर उभ्या होत्या. नवा फॉर्म तिथल्या तिथे भरून घेता आला असता. पण चूक त्यांची होती हे आधी कबूल करून घ्यायची मला घाई होती. उशीर का झाला याचा अर्ज लिहून आणा, असं सांगितलं. असा अर्ज कुठल्याही नियमात नव्हता. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. त्या गेल्या, आणि बरेच दिवस आल्या नाहीत.

होळीच्या आधी फडताळात घालायला बायकोने रद्दीतले पेपर उलगडले. "अहो, हे बँकेचं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते फॉर्म विसरण्यापेक्षा वाईट होतं. नोव्हेंबरची तारीख टाकली असती, तर फॉर्म इतके दिवस कुठे होता हे मला विचारलं गेलं असतं. मी चालू तारखेचा शिक्का मारला. कागदोपत्री अम्माजी चार महिने उशिरा आल्या. मॅनेजरने न वाचता सही केली, थकबाकी जमा झाली.

निरोप मिळाल्यावर त्या पैसे घ्यायला आल्या. काउंटरला टेकून नोटांचे ढीग करू लागल्या: हे चौकातल्या सोनाराचे, बांगडी सोडवायला, हे दूधवाल्याचे, दूध निम्मं केलं होतं तरी राहिलेले. तक्रार नव्हती, हिशेब चालला होता. फॉर्म सापडला, एवढंच मी बोललो. कुठे, ते नाही; शिक्क्याचं तर नाहीच. "कोई बात नहीं भैया, आप लोगों को काम बहुत रहता है," म्हणाल्या. लखनौची तहजीब या बाबतीत फार वाईट. समोरचा शिवी देत नाही, त्यामुळे फिटंफाट होत नाही.

मला पुढे बढती मिळाली. करवादणं सुटलं नाही, पेपर बँकेत नेणं तेवढं बंद केलं.

आता मीच पेन्शनर. २०१४ पासून डिजिटल जीवन प्रमाण आलंय, अंगठा टेकवला की झालं. माझ्या झिजलेल्या अंगठ्याला यंत्र मधूनच ओळख देत नाही, मग कागदी फॉर्म भरतो आणि पोच मागतो. "अंकलजी, रसीद कोई नहीं माँगता," काउंटरवरचा मुलगा कुरकुरतो. मी हलत नाही. तो शिक्का मारतो, मी तारीख वाचतो. एकदा आदल्या दिवसाची निघाली, ती बदलून घेतली.