गोळीनंतरचे एक स्तोत्र

वाचकहो, पवित्र शास्त्र नित्य वाचण्याचा संकल्प आपणांपैकी काहींनी नाताळानंतर केला असेल आणि होळीपर्यंत तो मोडलाही असेल. माझा तर कित्येक वर्षे मोडत आला. आमच्या प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत; वर्षात पुरे करायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. उत्पत्ती आणि निर्गम उत्साहात पार पडत. जानेवारीच्या अखेरीस लेवीय उघडले की यज्ञांचे नियम सुरू होत आणि मी मागे पडू लागे. आठ दिवसांची थकबाकी म्हणजे पंचवीस-तीस अध्याय! मग शास्त्र उघडण्याचीच लाज वाटे.

तीन वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाणीही गेली. तांब्या समोर दिसत असूनही ‘पाणी’ हा शब्द त्यांना सापडेना. औषधे, व्यायाम, धुणे यांत माझे वाचन पुरतेच थांबले. खरे सांगायचे तर त्यात थोडा रागही होता. कोणावर, ते आपण ओळखाल.

एके दिवशी पाळकसाहेब भेटीला आले. निघताना ते प्रभूची प्रार्थना म्हणू लागले, आणि खाटेवरून यांचा आवाज आला. अडखळत, पण शब्दामागून शब्द, थेट ‘आमेन’पर्यंत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावले की लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना, गाणी, अंक अशा आजारातही पुष्कळदा शाबूत राहतात. बोलणे परतले असा त्याचा अर्थ घेऊ नये. मी मात्र तोच घेतला होता. दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ पुन्हा सापडले नाही, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तरी वाचन सुरू झाले ते तेव्हापासून. तारखांचा तक्ता काढून टाकला आणि स्तोत्रसंहिता घेतली. १५० स्तोत्रे, रोज एक, मोठ्याने. यांची सकाळची रक्तदाबाची गोळी कधी चुकत नाही, म्हणून चष्मा आणि मोठ्या अक्षरांचे शास्त्र गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवले. आपणही वाचनासाठी वेगळी वेळ शोधत बसू नये. जे काम न चुकता होते, त्याला लागूनच ते करावे. रात्र जागून काढली असेल तर आमचे वाचन होत नाही. दुसऱ्या दिवशी खूण जिथे असेल तिथून पुढे. थकबाकी भरायची नाही. (११७ वे स्तोत्र दोनच वचनांचे आहे. दमलेल्या माणसांसाठीच ते लिहिले असावे, असे मला वाटते.)

आजाऱ्याजवळ वाचताना सावकाश वाचावे, ओळखीच्या वचनाशी थोडे थांबावे. त्यांनी शब्द जोडला तर आनंदच. ‘म्हणा ना, म्हणा’ असा आग्रह मात्र धरू नये. मी धरला होता. यांनी भिंतीकडे तोंड फिरवले होते.

सध्या ११९ वे स्तोत्र चालू आहे. त्याची १७६ वचने आहेत, पण आठ-आठ वचनांचे २२ भाग पाडलेले असल्याने आम्हांला ते बावीस सकाळी पुरेल. वाचन संपले की डाव्या हाताने रेशमी खूण घालण्याचे काम यांचे. काल त्यांनी ती एक पान मागे घातली. आज मी तिथूनच वाचले.