कहासुना माफ

आमच्या घरात 'सॉरी' हा शब्द मुलांनी शाळेतून आणला. आता तो उठता-बसता कानी पडतो. धक्का लागला, सॉरी. फोन उचलला नाही, सॉरी. इंग्रज माणूस तर मयतीच्या घरीही सॉरीच म्हणतो. तिथं त्याचा काही गुन्हा नसतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं नातं दुखण्याशी, ठणकण्याशी होतं. म्हणजे सॉरी मुळात स्वतःच्या दुखण्याची गोष्ट सांगतो. 'अपॉलॉजी'चं आणखी वेगळं. ग्रीक भाषेत तिचा अर्थ बचावाचं भाषण. इ.स.पू. 399 मधल्या सॉक्रेटिसाच्या खटल्यावर प्लेटोनं जे लिहिलं, त्याचं नाव तेच. आणि त्यात सॉक्रेटिस माफी मागतच नाही.

आपल्या मराठीत 'दिलगिरी' फारसीतून आली. दिलगीर म्हणजे खिन्न मनाचा. आज ती बहुधा कार्यालयीन पत्रांत 'व्यक्त' केली जाते. 'माफी' अरबी. तिच्या मुळाशी 'अफ्व' आहे, त्यात पुसून टाकण्याचा भाव आहे. म्हणून कर्ज माफ होतं, शेतसारा माफ होतो. दिलगिरी आपल्या मनात असते. माफी समोरच्याच्या हातात. कर्जदारानं स्वतःच कर्ज माफ करून घेतलं, असं कधी होतं का?

आम्ही मात्र तसंच केलं होतं. अब्बांच्या पश्चात आम्ही तिघा भावांनी आपाकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. शरीयतनं तिला दिलेला हिस्सा आम्हाला ठाऊक होता. पण ती काही बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. ईदला तिला साडी देत राहिलो.

पुढं भाईजान हजला निघाले. रिवाजाप्रमाणे नात्यागोत्यात सगळ्यांकडे जाऊन 'कहासुना माफ करो' म्हणत होते. आम्ही बरोबर होतो. आपानं चहा ठेवला. भाईजानचं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "कहे-सुने सो सब माफ, भाई. पन जो कह्याच नै, उसका क्या?"

परतताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिला सॉरी म्हणता आलं असतं, दिलगिरीही होतीच. पण या हिशेबात दोन्ही शब्द तोकडे होते.

भाईजान परतल्यावर आम्ही तिघे एकत्र बसलो. आपाच्या हिश्श्याची जमीन बक्षीसपत्र करून तिच्या नावे करायचं ठरलं आहे. त्यानंतर तिच्या दारात जाऊ. माफ करायचं की नाही, ते मग तिनं ठरवावं.