ग्राही

गेल्या पावसाळ्यात आईने वाचता वाचता पुस्तक मिटले आणि म्हणाली, "ओळी वाकड्या दिसायला लागल्यात रे." चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे म्हणून मी विषय संपवला. तिचा मधुमेह एकवीस वर्षांचा आहे हे ठाऊक असूनही तीन महिने संपवला, हे नोंदवून ठेवणे भाग आहे.

पुढे नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिपटलाची छायाचित्रे दाखवली. मध्यभागी सूज, आणि कडेला केसाहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे. आपल्या व्यवसायात 'नवे' या शब्दाचे फार कौतुक असते. त्यामुळेच असेल, या नव्या वाहिन्या घातक आहेत हे पचायला मला वेळ लागला. मधुमेहात जुन्या केशवाहिन्या बुजत जातात. प्राणवायूसाठी कासावीस झालेल्या पेशी मग व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. इकडे रक्त आणा, असा तो निरोप. वाहिन्या येतातही, पण घाईघाईने उभारलेल्या, गळक्या.

निरोप स्वीकारणारे रेणू वाहिनीच्या अस्तरातील पेशींवर असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. ('ग्राहक' म्हणावे तर दुकान डोळ्यांसमोर येते.) त्यांपैकी दोन महत्त्वाचे. दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहीला निरोप मिळाला की तसे दोन रेणू एकमेकांना बिलगतात, पेशीच्या आतल्या बाजूने एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, आणि पेशी विभागू लागते, सरकू लागते. पहिल्याची पकड दुसऱ्याहून कितीतरी घट्ट. पण निरोप धरून तो बहुतांशी गप्प बसतो. मग त्याचा उपयोग काय? १९९५ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत याचे उत्तर मिळाले. दुसरा ग्राही नसलेल्या भ्रूणांत वाहिन्या तयारच झाल्या नाहीत. पहिला नसलेल्या भ्रूणांत अस्तराच्या पेशी बेसुमार माजल्या, वाहिन्यांची रचना बिघडली. दोन्ही भ्रूण दगावले. म्हणजे ऐकून गप्प राहणाराही हवाच.

याहून मला भावली ती टोकावरच्या पेशीची गोष्ट. कोंब फुटताना जिने निरोप सर्वांत तीव्रतेने ऐकला ती पेशी पुढे होते आणि शेजारणींच्या 'नॉच' नावाच्या ग्राहीला स्पर्श करून त्यांचे कान जणू बंद करते. त्यांच्यावरील दुसऱ्या ग्राहींची संख्या घटते. त्या मागे राहून नळी बांधतात. सगळ्याच पुढे धावल्या, तर वाहिनी होत नाही, नुसता गुंता होतो.

वर्गात 'सहृदय' ही संकल्पना मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. अर्थ कवीच्या शब्दांत जितका, तितकाच स्वीकारणाऱ्याच्या तयारीत, असे सांगताना मला ते एक सौम्य, सुसंस्कृत विधान वाटे. निरोप तोच आणि स्वीकारणारा बदलला की भ्रूण जगतो किंवा मरतो, हे वाचल्यावर तो पाठ त्याच स्वरात शिकवणे मला जमलेले नाही.

आईच्या डोळ्यांत जे औषध देतात, अफ्लिबरसेप्ट, तेही एक ग्राहीच आहे. वरील दोन्ही ग्राहींचे तुकडे प्रतिपिंडाच्या एका भागाला जोडून बनवलेला, कोणत्याही पेशीवर नसलेला, मोकळा फिरणारा. निरोप त्याला चिकटतो आणि तिथेच संपतो. सहृदयाच्या नेमके उलट! मी हे समजावून सांगितले तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे टपाल भलत्याच घरी टाकायचं. तू मला हे आधी सांगितलं असतंस तर सुईची एवढी भीती वाटली नसती."

मात्र उपाशी पेशी निरोप पाठवणे थांबवत नाहीत, म्हणून इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. कडेच्या वाहिन्यांसाठी लेसरही झाला. आतापर्यंत पाच इंजेक्शने झाली. डाव्या डोळ्याने ती भिंग घेऊन वाचते. उजव्याला मथळ्यांपलीकडे जमत नाही. संध्याकाळी मी वाचून दाखवतो. माझे 'ण' आणि 'न' ती अजूनही मध्येच थांबवून दुरुस्त करते. पुढची तारीख सतरा आहे.