उंबराचे फूल

क्वचित दर्शन देणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. बोरी बुद्रुकजवळ कुकडी नदीच्या काठाने गेले की उंबराच्या खोडालाच लगडलेले घोस दिसतात. फूल मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वास्तविक त्या झाडाला फुलांचा तोटा नसतो. आपण ज्याला कोवळे फळ समजतो, तोच त्याचा फुलोरा होय.

आपल्या भागातील डाळिंबाचे फूल पाहिले तर सारी रचना उघड दिसते. भोवती दाट पुंकेसर, त्यांच्या टोकांशी परागकोश, मधोमध कुक्षी आणि तळाशी अंडाशय. पराग कुक्षीवर पोहोचले की अंडाशयाचे फळ होते आणि आतील बीजांडांचे दाणे. उंबराने हीच रचना आत वळवली आहे. ज्या देठावर फुले बसायची तो घड्यासारखा मिटतो आणि त्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो इवली फुले दाटीने बसतात. वनस्पतिशास्त्र या फुलोऱ्याला ‘कुंभासनी’ म्हणते.

या बंद घरात पराग कोण नेणार? चिलटाएवढी एक गांधीलमाशी. फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून मादी आत शिरते. त्या चिंचोळ्या वाटेत बहुधा तिचे पंखही तुटतात. आणलेले पराग ती कुक्षींवर टाकते, काही फुलांच्या अंडाशयांत अंडी घालते आणि तेथेच मरते. काही फुलांत बी धरते, काहींत तिची संतती वाढते. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी त्यांचा संयोग होतो आणि तेच भिंत पोखरून वाट करतात. त्या वाटेने माद्या नवे पराग घेऊन उडून जातात. नरांचे सारे आयुष्य प्रायः त्या एका उंबरातच सरते.

हे समजल्यावर आपल्या शास्त्रकारांनी वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबर फळे वर्ज्य का ठरवली, हे निराळे सांगावे लागत नाही. श्वेतांबर परंपरेच्या २२ अभक्ष्यांत ती आहेत आणि दिगंबर श्रावकाच्या मूलगुणांतही त्यांचा त्याग सांगितला आहे. उंबरातील कीड ही बाहेरून लागलेली नासाडी नव्हे. ते चतुरिंद्रिय जीवांचे जन्मस्थान आहे. म्हणून हा त्याग किळसेपोटी नसून, दुसऱ्याच्या घरात न शिरण्याची ती मर्यादा आहे.

आता प्रश्न अंजिराचा. अंजीर उंबराच्याच कुळातले. आमच्या वडिलांनी दुकानात सुके अंजीर कधी ठेवले नाही. हल्ली दिवाळीच्या सुक्या मेव्यात गिऱ्हाईक ते आवर्जून मागते आणि चिरंजीव विचारतात, “बाबा, पुरंदरच्या अंजिरात तर माशी लागतच नाही. मग अडचण कोणती?” त्यांचे म्हणणे खरे आहे. पुणे भागातील अंजीर परागणाशिवाय धरते. परंतु तुर्कस्तानातील स्मर्ना जातीला माशीवाचून फळ धरत नाही. तेथील बागाईतदार नर-अंजिरे मुद्दाम झाडांना टांगतात. माशी मादी-अंजिरात शिरते, तेथे तिला अंडीही घालता येत नाहीत आणि ती आतच मरते. सुकून चपटे झालेले फळ कोणत्या बागेतून आले, हे आपल्या काउंटरवर कसे ओळखावे? शिवाय बहुबीज म्हणून अनेक घरांत अंजीर वर्ज्य आहे, ते वेगळेच.

कोणी म्हणेल, आपण खात नाही, एवढे पुरे. विकायला काय हरकत? पण आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या ताटाबरोबर त्याच्या तराजूचाही विचार केला आहे. १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, कारण लाख हीही किड्यांच्या जिवावरच मिळते. अंजीर त्या यादीत नाही, हे मी जाणतो. तरी यादीमागचा विवेक येथेही लागू पडतो, असे मला वाटते.

चिरंजीवांना मी सांगितले, “यंदाच्या चातुर्मासात महाराजसाहेबांना विचारू. तोवर बदाम, मनुका आणि जर्दाळू यांवर डबे भरू.” दोन पैसे कमी मिळतील. जेथे जिवाविषयी शंका आहे, तेथे तराजू थोडा थांबला तर व्यापार बुडत नाही.