एकट्याने करायचं काम

1952 च्या सुमाराला पॅट्रिशिया हायस्मिथ ही अमेरिकन लेखिका इटलीत पोझितानोला आली होती. एके दिवशी भल्या सकाळी हॉटेलच्या सज्जातून तिला खाली समुद्रकिनाऱ्यावर एक तरुण एकटाच चालत जाताना दिसला. अर्धी चड्डी, पायांत सँडल, खांद्यावर टॉवेल. किनाऱ्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. तो कोण, कुठला, हे तिला कधीच समजलं नाही, पण तो तिच्या मनातून गेला नाही आणि 1955 मध्ये 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' ही कादंबरी आली. एका एकट्या माणसाने दुसऱ्या एकट्या माणसाला लांबून पाहिलं आणि त्याचं आयुष्य मनात रचायला घेतलं, हे या कादंबरीचं मूळ. हायस्मिथच्या बाबतीत ते नवीन नव्हतं. 1948 च्या नाताळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात ती खेळणी विकत होती. बाहुली घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईला तिने काही मिनिटं पाहिलं, आणि त्यातून तिची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' जन्मली. एवढ्यावर ती थांबली नाही. पुढे ती त्या बाईचं घर लांबून बघायला न्यू जर्सीत गेली. ओढ एकतर्फी असली की माणूस काय काय करतो, हे ती आतून ओळखत होती. म्हणूनच रिप्लीचं झपाटलेपण तिला बाहेरून रंगवावं लागलं नाही.

ही गोष्ट गेली सत्तर वर्षं रूपं बदलते आहे. 1960 मध्ये रेने क्लेमाँने तिच्यावर फ्रेंच चित्रपट केला, त्यात रिप्ली होता कोवळा, देखणा आलाँ देलाँ. 1999 मध्ये अँथनी मिंगेलाने मॅट डेमनला घेऊन ती पुन्हा सांगितली. आणि 2024 मध्ये स्टीव्हन झेलियनने नेटफ्लिक्ससाठी 'रिप्ली' ही 8 भागांची कृष्णधवल मालिका स्वतः लिहून दिग्दर्शित केली. कथा साधारण तीच. न्यूयॉर्कमध्ये फुटकळ लबाड्यांवर जगणाऱ्या टॉम रिप्लीला एक श्रीमंत जहाजबांधणी व्यावसायिक इटलीला धाडतो, कारण त्याचा मुलगा डिकी तिथे ऐषारामात राहतो आहे आणि घरी परतायचं नाव घेत नाही. टॉम जातो, डिकीच्या घरात शिरतो, त्याच्या आयुष्यात मुरतो, शेवटी त्याला मारून त्याच्या नावाने जगू लागतो. दोन चित्रपटांनी ही गोष्ट दोन-सव्वादोन तासांत सांगितली. मालिकेने तिप्पटीहून अधिक वेळ घेतला, आणि त्या वेळेबद्दल तिच्यावर टीकाही झाली. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. एकटेपणा आणि वेड या दोन गोष्टींचं खरं माप वेळ हेच आहे. जो त्यांना घाईने दाखवतो तो नकळत त्यांना दुसरंच काहीतरी करून टाकतो. मग एकटेपणाची उदास हुरहूर होते आणि वेडाचं प्रेम. या मालिकेने ती लबाडी केली नाही, म्हणून मला ती या कथेचं सर्वांत प्रामाणिक रूप वाटते.

पुरावा म्हणून डिकीचा खून घेऊ. क्लेमाँच्या चित्रपटात तो शिडाच्या नौकेवर सुऱ्याच्या एका वाराने होतो, मागोमाग वारा, लाटा, धावपळ. मिंगेलाच्या चित्रपटात आधी जीवघेणं भांडण आहे, अपमान आहे, मग भडका आणि रक्त. शेवटी टॉम मृतदेहाला बिलगून पडून राहतो. दोन्ही प्रसंग प्रभावी आहेत, आणि दोन्हींत खून हा भावनेचा कडेलोट आहे. मालिकेत तो तसा नाही. सान रेमोच्या समुद्रात भाड्याच्या लहानशा मोटरबोटीत वल्ह्याचे घाव बसतात आणि खून आटोपतो. त्यानंतर जे सुरू होतं ते खरं प्रकरण. बरीच मिनिटं संवाद जवळजवळ नाहीच. डिकीचा देह नांगराच्या दोराला बांधायचा आहे, पण नांगर आणि देह दोन्ही जड, बोट डगमगती, आणि टॉमला पाण्याची भीती. तो पाण्यात पडतो. सुरू राहिलेली बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. कसाबसा वर चढल्यावर बोटीचं काय करायचं, रक्ताचं काय करायचं, कपड्यांचं काय करायचं. एकेक अडचण सोडवावी लागते आणि प्रत्येक उपायातून नवी अडचण निघते. बघणाऱ्याची छाती दडपते, पण त्याहून महत्त्वाचं काहीतरी घडतं. या माणसाला मदतीला कुणी नाही, आणि असूही शकत नाही, हे आपल्याला शब्दांवाचून कळतं. देह उचलताना दुसरं टोक धरायला कुणी नसणं, एकटेपणाची इतकी उघडी व्याख्या मी पडद्यावर क्वचितच पाहिली आहे.

पाचव्या भागात डिकीचा मित्र फ्रेडी माइल्स याचा खून होतो आणि हेच पुन्हा घडतं, या वेळी जमिनीवर. काचेचा वजनदार ॲशट्रे, रोममधल्या जुन्या इमारतीचा लांबच लांब जिना, त्यावरून ओढत न्यायचं धिप्पाड शरीर, पायऱ्यांवर राहिलेले डाग, आणि सगळ्याकडे टक लावून बघणारं मांजर. मालिकेची सुरुवातच या ओढण्याच्या क्षणाने होते, म्हणजे शेवट काय असणार याचं कुतूहल दिग्दर्शकाने पहिल्या मिनिटालाच मोडीत काढलं आहे. 'कसं' आणि 'किती वेळ' एवढंच त्याला दाखवायचं आहे. शिवाय ही मेहनत खुनांपुरती नाही. सही गिरवणं, टंकलेखन यंत्रावर डिकीच्या शैलीत पत्रं लिहिणं, हॉटेलच्या वहीत कोणतं नाव लिहिलं ते लक्षात ठेवणं, बँकेच्या खिडकीसमोर चेहरा स्थिर ठेवणं. वेड म्हणजे वादळ, असं आपण धरून चालतो. इथे ते कारकुनाच्या कामासारखं आहे: रोजचं, नेटकं, चुकीला माफी नसलेलं, आणि सुट्टी नसलेलं. माझ्या मते वेडाचं हेच खरं स्वरूप आहे. ज्याला कशाचा तरी ध्यास लागतो त्याचा बहुतेक वेळ उत्कट क्षणांत जात नाही, तो तयारीत आणि निस्तरण्यात जातो. दोन तासांच्या चित्रपटाला तयारी आणि निस्तरणं कापावंच लागतं, आणि ते कापलं की उरतात फक्त उत्कट क्षण. मग रिप्ली प्रियकरासारखा दिसू लागतो.

आता मराठी प्रेक्षक सहज विचारेल की संथपणाचं एवढं कौतुक कशाला, आमच्या रोजच्या मालिका काय कमी संथ आहेत? एक थप्पड तीनदा दाखवली जाते, मग खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा, मग जाहिरात. प्रश्न रास्त आहे आणि त्याने माझं म्हणणं अधिक स्पष्ट होतं. रोजच्या मालिकेत काळ थांबवला जातो. घटना घडून गेलेली असते आणि तिच्या परिणामाचा क्षण ताणला जातो, कारण उद्याचा भाग भरायचा असतो. 'रिप्ली'मध्ये काळ थांबत नाही, तो फक्त कापला जात नाही. जिना चढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दिसतो. पहिल्यात आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितलं जातं की आता तुम्हाला काय वाटायला हवं. दुसऱ्यात कुणी काहीच सांगत नाही, आणि ते आपल्यालाच ठरवावं लागतं. लांबी सारखी असली तरी बघणाऱ्यावर टाकलेला विश्वास सारखा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दक्षिण इटलीचा किनारा, तिथलं ऊन, तो निळा समुद्र हेच तर टॉमच्या हव्यासाचं कारण. ते रंगच काढून घेतले तर त्याला हवं होतं तरी काय? मिंगेलाच्या चित्रपटात ज्यूड लॉचा डिकी उन्हाने उजळलेला आहे आणि त्याला पाहताच टॉमची भूल समजते. मालिकेचा डिकी त्यामानाने साधा आहे, बरा माणूस आणि वाईट चित्रकार. पण मला हे मालिकेचं धैर्य वाटतं. डिकी भुरळ पाडणारा असला की दोष अर्धा त्याच्या माथी जातो. इतकं सुंदर आयुष्य समोर मिरवलं तर कुणाला मोह होणार नाही, असं आपण मनात म्हणून जातो. रॉबर्ट एल्सविटच्या कॅमेऱ्यातली अत्रानी, म्हणजे डिकी राहतो ते गाव, ही राखाडी दगडांची, न संपणाऱ्या पायऱ्यांची, हंगाम सरलेली जागा आहे. तिथे हेवा करण्याजोगं फार काही नाही. आणि तरीही टॉमला ते हवं आहे. म्हणजे हाव बाहेरच्या झगमगाटातून आलेली नाही, ती त्याने न्यूयॉर्कच्या कळकट खोलीतून सोबत आणली होती. डिकीने ती फक्त कशावर तरी टेकवायला जागा दिली. अंगठी, पेन, बूट, भिंतीवरचं पिकासोचं चित्र या वस्तूंवर कॅमेरा ज्या सावकाशीने रेंगाळतो, त्यावरून टॉमचं प्रेम माणसावर आहे की त्याच्या चीजवस्तूंवर, हा प्रश्न उरत नाही. वस्तू कधी नकार देत नाहीत, हे त्यांचं त्याच्या लेखी मोठं मोल आहे.

याला जोडूनच मालिकेत टॉम साकारणाऱ्या अँड्र्यू स्कॉटच्या वयाचा मुद्दा येतो. कादंबरीतला टॉम पंचविशीतला आहे आणि स्कॉट चित्रीकरणाच्या वेळी पंचेचाळिशीच्या आसपास होता. अनेकांना हे खटकलं. मूळ कथेशी ही तडजोड आहे हे मी मान्य करतो. पण तिचा परिणाम पाहा. पंचविशीच्या तरुणाने दुसऱ्याचं आयुष्य पळवलं तर त्यात उतावीळपणा दिसतो, अजून पुढे काही घडू शकलं असतं ही हळहळ राहते. चाळिशी उलटल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने तेच केलं की कळतं, याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं आयुष्य कधी जमलंच नाही, आणि आता जमणारही नाही. आरशासमोर डिकीचे कपडे घालून उभं राहण्याचा प्रसंग चित्रपटांतही आहे आणि मालिकेतही. देलाँ आरशातल्या प्रतिमेचं चुंबन घेतो, डेमन गाण्यावर थिरकतो. स्कॉट मात्र डिकीच्या आवाजाची तालीम करतो, थंडपणे, उच्चार दुरुस्त करत. तिथे खेळकरपणा शिल्लक नाही.

एका बाबतीत मात्र मालिकेची बाजू घेणं मला जड जातं. कारावाज्जोचा धागा. डिकी टॉमला नेपल्समध्ये 'दयेची सात कृत्यं' हे चित्र दाखवतो, तिथून टॉम त्या चित्रकाराच्या मागे लागतो, आणि हे उत्तम जमलं आहे. 1606 मध्ये रोममध्ये माणूस मारून पळालेला, अंधार आणि उजेड यांची चिरफाड करणारा चित्रकार हा टॉमला आपला पूर्वज वाटावा हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. पण शेवटच्या भागात खुद्द कारावाज्जो पडद्यावर येतो आणि खुनानंतरचा त्याचा प्रसंग टॉमच्या प्रसंगाशेजारी मांडला जातो. सात भाग ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला, त्याने इथे बोट दाखवून समजावून सांगितलं. हा मोह टाळला असता तर बरं झालं असतं.

आणि सर्वांत अवघड आक्षेप: इतका वेळ एका खुन्याच्या सोबत काढला की आपण त्याच्या बाजूचे होतो, आणि हे बरोबर आहे का? होतो, हे खरं आहे. डाग पुसला जावा, पोलिसाने जिन्याकडे बघू नये, असं वाटून जातं. हायस्मिथला हेच साधायचं होतं. तिच्या कादंबरीत टॉम सुटतो, आणि क्लेमाँच्या चित्रपटाने शेवटी त्याला अडकवलं ते तिला रुचलं नव्हतं. पण मालिकेतली ही सोबत समर्थनासारखी वाटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा वेळच आहे. टॉमने काय केलं हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. सगळा उद्योग अचूक पार पडल्यावर शाबासकी द्यायलासुद्धा त्याच्याकडे आपल्याशिवाय कुणी नाही, आणि आपण पडद्याच्या अलीकडे आहोत. त्याला मिळालेलं सुंदर घर, उंची कपडे, व्हेनिसचं वास्तव्य हे सगळं आपण त्याच्याइतक्याच सावकाशीने पाहतो, आणि त्या खोल्यांत मनापासून भेटायला येणारं कुणी नसतं. येतो तो इन्स्पेक्टर राव्हिनी, तोही चौकशीला. मंद उजेडात, खोटी दाढी लावून टॉम त्याच्यासमोर बसतो, आणि ज्याने फ्रेडीला मारलं तो ॲशट्रे तिथेच असतो. थोडा वेळ टॉमच्या चातुर्याला दाद द्यावीशी वाटते. मग लक्षात येतं की या माणसाचा दिवसभरातला, कदाचित महिन्याभरातला, सर्वांत निकटचा संवाद हाच आहे.

याच्या उलट टोकाला डिकीची मैत्रीण मार्ज उभी आहे. टॉमच्या तुलनेत तिच्याकडे ना कौशल्य ना चलाखी. डिकीवर तिचं प्रेम आहे आणि अत्रानीवर ती चिकाटीने एक पुस्तक लिहिते आहे. टॉम तिला किरकोळ समजतो, बराच काळ आपणही समजतो. अखेरीस ते छापलेलं पुस्तक राव्हिनीच्या हाती पडतं आणि त्यात डिकीचं छायाचित्र असतं. आपण रोममध्ये ज्याला डिकी ग्रीनलीफ म्हणून भेटलो, ज्याची जबानी घेतली, तो हा नव्हेच, हे त्या एका पानावर राव्हिनीला दिसतं. टॉमने पारपत्र, सही, पत्रं, आवाज, कपडे यांचा बंदोबस्त अहोरात्र खपून केला होता. डिकीला ओळखणाऱ्या एका बाईने त्याचा चेहरा आपल्या पुस्तकात जपून ठेवला असेल, हे मात्र त्याच्या हिशोबात आलं नाही.